काशीफळाचा पहिला घाव

माणसानं कुणावर जळावं, याला काही ताळतंत्र असावं की नाही? लोक साडूच्या प्लॉटवर जळतात, शेजाऱ्याच्या नव्या गाडीवर जळतात, बरोबरच्या मास्तराची घराजवळ बदली झाली म्हणून जळतात. मी एका सत्तरीच्या म्हाताऱ्यावर जळलो, आणि तेही भोपळ्यावरून. हे दुःख कुणाला सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर लोकांनी मलाच वेड्यात काढलं असतं, आणि तो म्हातारा त्यांना आणखीच गोड वाटला असता.

हा म्हातारा म्हणजे आमचे डोंगरकड्याचे घरमालक. खाली ते एकटे राहायचे, वरच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्यानं. मी, बायको आणि ओवी. मी शाळेत विज्ञान शिकवतो. तेव्हा माझी शाळा वारंगा फाट्याच्या अलीकडं होती, म्हणून डोंगरकड्याला घर घेतलं होतं. ओवी त्या वेळी चार वर्षांची होती. घरमालकांना सगळी गल्ली आबा म्हणायची, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. त्यांची बायको बऱ्याच वर्षांपूर्वी वारली होती, आणि मूलबाळ नव्हतं.

आबा बसचे कंडक्टर होते. निवृत्त होऊन जमाना झाला तरी खाकी शर्ट सुटला नव्हता, आणि शिट्टी तर नाहीच नाही. नळाला पाणी आलं की ते अंगणात उभं राहून शिट्टी मारायचे आणि आम्ही भाडेकरूंनी बादल्या घेऊन धावायचं. पाणी जायच्या बेतात असलं की दोन शिट्ट्या. जिन्यावर दोघं समोरासमोर आले की म्हणायचे, "आधी उतरनाऱ्याला उतरू द्या." कुणाच्या घरी गेले तर आत पलंगावर बसणार नाहीत, दाराशीच बसणार. कंडक्टरची जागा दाराशी असते, हा त्यांचा हिशेब. बोलणं इतकं मोठ्यानं की खाली ते फोनवर बोलले की वर माझ्या वह्या तपासायचं काम बंद पडायचं. इथवर माझी काही तक्रार नव्हती. असतात अशी माणसं, आणि भाडं वेळेवर दिलं की घरमालक गोडच असतो.

तक्रार सुरू झाली ती पहिल्याच वर्षी, पोळा होऊन गेल्यावर. शाळेतल्या एका सहकाऱ्यानं शेतातला भोपळा दिला. हळदीच्या बांधावर वेल होता त्यांचा. चांगला मोठा, पिवळसर तांबडा, शिरा उठलेला. मोटारसायकलच्या टाकीवर ठेवून, पोटाशी धरून मी तो घरी आणला. बायको खूश झाली. तिचं माहेर सेनगावकडचं, पुसेगावचं. ती त्याला कोहळं म्हणते, गल्ली काशीफळ म्हणते, मी आपला भोपळा म्हणतो. नाव काही असो, तिघांच्याही तोंडाला पाणी सुटतं.

आता आपल्याकडं अख्खा भोपळा बाई कापत नाही, हे मलाही ठाऊक होतं. पुरुषानं पहिला घाव घालायचा, मग बाईनं पुढं चिरायचं. आमच्या घरी वडील घालायचे, आणि घालून झालं की पेपर वाचायला बसायचे. माझा या असल्या गोष्टींवर विश्वास नाही. मी बायकोला तसं म्हणालोही, "तूच काप, काही होत नाही." ती म्हणाली, "न्हाई बाई." मी म्हणालो, "बरं, मग आण इकडं, मी कापतो." मी बाह्या सारल्या, सुरी घेतली, पाट ओढला. तर ही बाई माझ्या हातातली सुरी काढून घेते आणि म्हणते, "थांबा, आबांना हाक मारते."

मी घरात असताना. धडधाकट, दोन हात असलेला नवरा समोर पाटावर बसलेला असताना.

मी विचारलं, "काहून? मी पुरुष नाही का?" तर म्हणे, "तसं न्हाई हो. त्यांच्या हातचं गोड लागतं, असं गल्लीतल्या साऱ्याजनी सांगून राहिल्या." आणि सज्जात जाऊन तिनं हाकही मारली. आबा जणू हाकेची वाटच बघत होते. स्वतःचा छोटा कोयता घेऊन वर आले. चपला दाराशी काढल्या. बायकोला म्हणाले, "हळद-कुंकू लावा त्याला." तिनं लावलं. मग आबांनी भोपळ्यावर बोटाच्या पेरानं दोनदा टकटक केली, कंडक्टर डबल बेल देतात तशी, आणि गाडीत ओरडावं तसं ओरडले, "चला, वारंगा फाटा! उतरनारे पुढं व्हा!" ओवी हसून हसून लोळली. देठापाशी एक घाव. भोपळा उकलला. कोयता पुसून बाजूला ठेवला आणि म्हणाले, "पहिला घाव माझा, पुढचं तुमचं. चालवा."

आणि गेले का? छे. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बैठक मारली.

आबांना भोपळ्याचा स्वयंपाक कसा येत होता, ते त्यांनीच सांगितलं. मुक्कामी गाडी असायची. संध्याकाळी शेवटच्या गावात जायची, तिथंच राहायची, पहाटे परत निघायची. ड्रायव्हर आणि कंडक्टर गाडीतच झोपायचे. गावातलं कुणीतरी मायाळू माणूस वेलावरचं एखादं काशीफळ आणून द्यायचं. मग पारावर तीन दगडांची चूल. "ड्रायव्हर कापायचा, मी फोडनीला घालायचो," आबा सांगायचे. "गाव तितक्या भाज्या, सर. कुनी मेथ्या द्यायचं, कुनी गूळ, कुनी खसखस. साऱ्याची मिळून एक भाजी झाली ती ही."

ती भाजी अशी. साल काढायची नाही. फोडी मोठ्या, चौकोनी. लोखंडी कढईत तेल जरा सढळ, त्यात मेथीचे दाणे काळे व्हायच्या आत लाल मिरचीचे तुकडे, हिंग, हळद. फोडी टाकल्या की झाकण. आणि पाणी नाही, एक थेंब नाही. आबांचा याबाबतीत कायदा कडक होता. "त्याचं त्याला पानी असतंय. वरून वतलं की ते रुसतंय." गूळ शेवटी, काळा मसाला त्याहून शेवटी, आणि खसखस भाजून भरडलेली. हलवायचं नाही, कढईच हिसडायची. बायको तसंच करत गेली. ज्वारीची भाकरी आणि ही भाजी ताटात आली तेव्हा मी काहीतरी खोट काढायचीच, असं ठरवून बसलो होतो. पहिला घास घेतला. कडेनं तिखट, आत गोड, साल दाताखाली जराशी करकरीत. मला रागच आला. मी म्हणालो, "मीठ कमी वाटतं." बायको म्हणाली, "तुमाला न्हाई कळत." ओवीनं तर पहिल्यांदा भाकरी मागून घेतली. आमच्या हाताला इतके दिवस चव नव्हती म्हणायची.

मग मला कळलं की हे आमच्याच घरचं प्रकरण नाही. पोळ्यापासून दिवाळीपर्यंत आबा नुसते गल्लीभर फिरत असायचे. इथं नवरा पुण्याला कंपनीत, तिथं दुबईला, त्या घरातून हाक येणं मी समजू शकतो. पण नवरे घरात, खाटेवर लोळत पडलेले, त्या घरांतूनही हाका यायच्या. समोरच्या घरचा तर चांगला पैलवान गडी. त्याच्या बायकोनंही आबांनाच बोलवावं? मी त्याला एकदा विचारलं, तर तो खांदे उडवून म्हणाला, "बरंच हाय की सर, आपली तकलीफ वाचते." माझ्यासारखं पोटात दुखणारा गल्लीत मी एकटाच निघालो.

आबांनी या कामाचे कधी पैसे घेतले नाहीत. घ्यायचे फक्त बिया. त्या गच्चीवर राखेत घोळून वाळवायच्या आणि पाऊस लागला की वाटून टाकायच्या. त्यामुळं गल्लीत जिथं उकिरडा, जिथं पत्रा, जिथं कुंपण, तिथं आबांचा वेल. आमच्या न्हाणीघराच्या पत्र्यावरही होता. तो वेल ओलांडायचा नाही, त्याच्या फुलाकडं बोट दाखवायचं नाही. भाडेकरूंना भिंतीत खिळा मारायची परवानगी मिळायची, पण वेलाला दोरी बांधायची नाही. एकदा मी टॉवेल वाळत घालताना एक कोवळी शेंडी मोडली, तर आबा चार दिवस माझ्याशी "सर" न लावता बोलले.

हे सगळं मी सहन केलं असतं. पण ओवी.

शाळेतून मी दमून यायचो, मोटारसायकलचा आवाज ऐकून पोरीनं धावत यावं, एवढीच बापाची अपेक्षा असते. ती खाली आबांच्या ओट्यावर असायची. हात वर करून म्हणायची, "बाबा, थांबा, माझी गाडी सुटून राहिली." तिची गाडी म्हणजे ओट्यावर ओळीनं मांडलेली काशीफळं. ते प्रवासी. आबा ड्रायव्हर, ती कंडक्टर. मी हिंगोलीहून तिला चावीची मोटार आणली. ती तिनं हातात घेतली, उलटीसुलटी केली, आणि "आबांना दाखवून येते" म्हणून जी गेली ती जेवायच्या वेळेलाच वर आली. जेवायच्या वेळेला म्हणजे जेवायला नाही. ती खाली जेवून आली होती. आबांनी घारगे केले होते. उकडलेल्या भोपळ्यात गूळ, त्यात मावेल तेवढी कणीक, वरून तीळ थापून तळलेले. दोन घारगे तिनं मुठीत आणले होते, माझ्यासाठी. मी खाल्ले नाहीत. भूक नाही म्हणालो. मग बायको आणि ओवी झोपल्यावर स्वयंपाकघरात जाऊन दोन्ही खाल्ले. थंड झाले होते तरी मऊ होते. तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या वर्षी मी ठरवलं की आपणही काही कमी नाही. बायको माहेरी पुसेगावला गेली होती, ओवी माझ्याजवळ होती. फाट्यावर भाजीवाल्याकडं भोपळ्याच्या कापलेल्या फाकी मिळतात, म्हणजे पहिल्या घावाचा प्रश्नच मिटला. मोबाइलवर एक व्हिडिओ लावला. त्यातल्या बाईनं कांदा, टोमॅटो, आलं-लसूण, सगळं घातलं. मीही घातलं. करपेल अशी भीती वाटली म्हणून तांब्याभर पाणी ओतलं. व्हायचं तेच झालं, कढईत पोतेरं तयार झालं. ओवीनं एक घास तोंडात धरला आणि डोळे माझ्याकडं लावून तसाच धरून ठेवला. गिळेना. तेवढ्यात वास आला म्हणून आबा वर आले, दाराशी बसले, ताट मागून घेतलं आणि दोन भाकऱ्या त्या पोतेऱ्याशी खाल्ल्या. मी वाट बघत होतो, आता बोलतील, मग बोलतील. हात धुतल्यावर एवढंच म्हणाले, "सर, भूक लागली व्हती. बरं झालं." टोमणा मारला असता तर मला उलट बोलता तरी आलं असतं. त्यांनी तीही सोय ठेवली नाही.

तिसऱ्या वर्षी दसऱ्याच्या सुट्टीत मी पक्कं केलं. आपल्या पत्र्यावरचा भोपळा, आपलं घर, आपली सुट्टी. हा भोपळा मीच कापणार. बायको नेहमीप्रमाणं सज्जाकडं निघाली. मी म्हणालो, "हाक मारू नको." ती म्हणाली, "अहो, काहून हट्ट करून राहिले?" मी म्हणालो, "हट्ट नाही. माझ्या घरात मी कापतो." आवाज जरा चढला असणार, कारण हाक न मारताही आबा जिन्यात आले. मी विळी सोडून मुद्दाम मोठी सुरी घेतली होती. भोपळा पाटावर होता, ओवी शेजारी उकिडवी बसून टकटक करत होती. मी सुरी देठापाशी टेकवली.

आबांनी माझं मनगट धरलं. कंडक्टरचा हात तो, चालत्या गाडीच्या दांड्याला लोंबकळून घट्ट झालेला. ते दाराशी बसणारे आबा थेट स्वयंपाकघरात, चपला न काढता आले होते.

"नका, सर," ते म्हणाले. आवाज एकदम बारीक. तसा आवाज त्यांना आहे हेच मला माहीत नव्हतं. "तुमाला लेकरू हाय."

मी म्हणालो, "त्याचा काय संबंध?"

आबांनी बायकोकडं बघितलं. तिनं मान खाली घातली. मग त्यांनीच सांगितलं, शांतपणे, शाळेतल्या पोराला सांगावं तसं. "काशीफळ म्हंजे थोरलं लेकरू असतंय, सर. म्हनून बाई त्याला कापत न्हाई. आन् ज्याचं लेकरू ल्हान हाय त्या बापानं बी कापू नये. जो कापंल त्याच्या लेकरावर जातंय ते. इकडं समद्यांना ठावं हाय. माझं काय? मला कोन हाय? मी कापलं तर कोनाचं काय जातंय?"

आणि त्यांनी सुरी माझ्या हातातून काढून घेतली, टकटक केली, ओवीकडं बघून डोळे मिचकावले, वारंगा फाट्याची आरोळी ठोकली आणि घाव घातला.

मी खरं सांगतो, माझ्या डोक्यात एकामागून एक घरं उभी राहिली. समोरच्या पैलवानाची जुळी पोरं. कोपऱ्यावरच्या घरातलं पाळण्यातलं लेकरू. ज्या ज्या घरातून हाक यायची त्या प्रत्येक घरात एक लहान पोर होतं. गोड हाताचं काही नव्हतं. सगळ्या गल्लीनं मिळून असा माणूस शोधून ठेवला होता, की ज्याचं काहीच जाण्यासारखं नाही. आणि माझ्या बायकोला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. नंतर मी तिला विचारलं तर म्हणाली, "तुमी हसले असते. आन् त्यांच्यासमोर कसं बोलायचं असं?" त्यांच्यासमोर कुणीच कधी बोललं नव्हतं. सगळ्याजणी गोड हाताचंच सांगायच्या. पण आबांना सगळं माहीत होतं, तरी ते कोयता घेऊन हाकेसरशी जायचे.

मी आबांना म्हणालो होतो त्या दिवशी, "असं काही नसतं हो आबा. भाजी आहे ती." विज्ञानाचा मास्तर मी, मला बोलणं भाग होतं. ते म्हणाले, "नसंल बी. पन लेकरू तर हाय ना."

एवढं कळल्यावर माणसाचा जळफळाट थांबायला पाहिजे की नाही? कणव यावी, डोळ्यांत पाणी यावं. आलं थोडं. पण दुसऱ्या दिवशी शाळेतून आलो, ओवी ओट्यावर त्यांच्या मांडीवर बसून वाळलेल्या बिया सोलून खात होती, एक स्वतः, एक आबांच्या तोंडात, आणि माझ्याकडं तिनं नुसता हात हलवला. झालं, पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. कणव एका बाजूला आणि जळणं एका बाजूला, दोन्ही सुखानं नांदत होती.

चौथं वर्ष. पितृपंधरवड्यात माझ्या वडिलांचं श्राद्ध होतं. त्या स्वयंपाकात काशीफळ हवंच. आता मी शहाणा झालो होतो, आबांना मीच जाऊन बोलावून आणलं. त्यांनी सकाळी घाव घातला, भाजीही स्वतःच कढई हिसडून केली. दुपारी पानं उठली आणि ओवी माझ्या बायकोला म्हणाली, "आई, थंडी वाजून राहिली." हात लावला तर अंग तापलेलं. संध्याकाळपर्यंत ताप चढतच गेला. दोन दिवस गावातल्या डॉक्टरांचं औषध झालं, मग त्यांनीच नांदेडला न्या म्हणून सांगितलं. डेंग्यू निघाला. रक्तातल्या पेशी कमी होत होत्या. त्या दवाखान्यातले दिवस मला पुन्हा आठवायचे नाहीत. आत एकाच माणसाला बसू द्यायचे. मी बसलो की बायको बाहेर, बायको बसली की मी बाहेर. आबा कायमचे बाहेर. दवाखान्याच्या दाराशी, पायरीवर. घरी जा म्हटलं की हो म्हणायचे आणि तिथंच असायचे. खाकी शर्ट मळून गेला होता. शिट्टी खिशात होती, पण त्या दिवसांत आबा मोठ्यानं एक शब्द बोलले नाहीत.

ओवी बरी झाली. दसऱ्याच्या आधी आम्ही तिला घरी आणली, आठवडाभरात ती गल्लीभर धावायला लागली. आणि आबांनी काशीफळ कापणं बंद केलं.

पहिल्यांदा समोरच्या घरातून हाक आली तेव्हा म्हणाले, "खांदा दुखून राहिला." दुसऱ्या घराला तेच, तिसऱ्या घराला तेच. लोकांना वाटलं, वयच झालं. गल्लीत न कापलेली काशीफळं साठत चालली. कुणाच्या कपाटावर, कुणाच्या पलंगाखाली, पैलवानाच्या घरात तर टीव्हीशेजारी. आमच्याकडंही एक धान्याच्या कोठीवर बसून होतं. बायको रोज त्याला पुसून ठेवायची आणि वांगी करायची.

आणि मी? मी मनातल्या मनात खूश होतो. का खोटं बोलू? म्हातारा एकदाचा थकला. आता गल्लीत नाही तरी माझ्या घरात मला जागा मिळणार होती. ताप येऊन गेला, काही झालं नाही, आता तरी बायको या खुळातून बाहेर येईल, असं मी धरून चाललो होतो. आबांनी स्वतः "सर, आता तुमी कापा" म्हणावं, एवढंच बाकी होतं. ते त्यांच्या तोंडून काढून घ्यायलाच एका रविवारी दुपारी मी खाली गेलो.

आबा ओट्यावर बसले होते. अंगणात ओवी लंगडी घालत होती.

"आबा, खांदा कसा आहे?" मी विचारलं.

"खांद्याला काय झालं? बरा हाय."

"मग कापत का नाही तुम्ही? बायका वाट बघून थकल्या. नसेल जमत तर सांगा, आमच्या घरचं मी कापतो."

"तुमी न्हाई कापायचं," आबा चटकन म्हणाले. "आन् मी बी न्हाई. म्होरल्या गल्लीत हाय एक बिनलग्नाचा मिस्तरी, त्याला इचारा."

"पण का?"

त्यांनी ओवीकडं बघितलं. मग मला म्हणाले, "बसा, सर." मी बसलो. आबांनी आवाज खाली आणला. "पितराच्या दिवशी काशीफळ कोनी कापलं?"

"तुम्ही."

"आन् दुपारून ताप कोनाला आला?"

"ओवीला."

"मंग?" आबा माझ्याकडं वळले. "कापनारा मी, सर. जायाचं ते माझ्यावालं जायाचं. आजपातूर इतकी कापली, इतक्या घरी कापली, कधी कायबी झालं न्हाई. काहून झालं न्हाई? कारन माझं कोनी नव्हतंच. या बारीला कापलं आन् सरळ तिच्यावर गेलं. तुमच्यावर न्हाई, बाईवर न्हाई. बराबर तिच्यावर. लई वंगाळ झालं माझ्या हातून. पायरीवर बसून म्या देवाला म्हनलं, आता कोयता हातात धरनार न्हाई. पन सर, तुमी शिकलेले हाय, तुमी सांगा. तिच्यावर गेलं, म्हंजे ती माझी झाली ना?"

पोरीला मरणाच्या दारात नेल्याचं दुःख त्यांच्या तोंडावर होतं, खरंखुरं होतं. आणि त्याच तोंडावर, लपवू म्हटलं तरी लपत नव्हता असा, आनंद होता.

माझ्याकडं उत्तर तयार होतं. डेंग्यू डासानं होतो. अंगणातल्या पाण्याच्या टाकीला झाकण नव्हतं, ताप येण्याच्या कितीतरी दिवस आधीच तो डास तिला चावला असणार, आणि भोपळ्याचा, कोयत्याचा, तुमचा यात काडीचा संबंध नाही. आठवीच्या वर्गात दरवर्षी मी हे फळ्यावर काढून शिकवतो. नुसतं "आबा, तो डास होता" एवढं म्हटलं असतं तर माझी मुलगी मला परत मिळत होती. ते वाक्य अगदी जिभेवर आलं. इतका मत्सर मला आयुष्यात कुणाचा वाटला नसेल. मी तिचा बाप, रात्रंदिवस तिच्या उशाशी बसलेला, आणि हा म्हातारा पायरीवर बसून, एका भोपळ्याच्या साक्षीनं तिला आपलं नाव लावून मोकळा झाला होता.

"व्हय, आबा," मी म्हणालो. "तुमचीच हाय ती."

आबांनी मान हलवली, बराच वेळ हलवत राहिले. मी उठलो आणि जिना चढून वर आलो. बायको दारातच उभी होती, ओल्या हातानं.

"काय म्हनले?" तिनं विचारलं. "कापनार का?"

"नाही," मी म्हणालो. "आता त्यांनाही लेकरू आहे."